भांड्याखालचं नाव

त्या हिवाळ्यात पिस्तुलाबद्दल आमच्या गावात प्रत्येकाचं काही ना काही मत होतं. मला मत नको होतं. मला एक पिस्तूल घराबाहेर काढायचं होतं, आणि ते घ्यायला कुणी तयार नव्हतं.

पिस्तूल ल्युशसचं. ल्युशस टीग माझा नवरा. छत्तीस वर्षं ते त्याच्या उशाखाली राहिलं आणि मी शेजारी निवांत झोपले. कुणाच्या उशाखाली बायबल असतं, आमच्याकडे ते होतं. त्रास सुरू झाला तो ल्युशस विसरायला लागला तेव्हा. आधी चष्मा कुठे ठेवला ते विसरला, मग वार विसरला, मग मला.

तो मला विसरला हे मला त्याच्या बोलण्यावरून कळायचं. "व्हर्डेल, तू कॉफीत साखर घातलीस का?" इथवर सगळं ठीक. पण "बाई, तुम्ही कोण? माझ्या स्वयंपाकघरात काय करताय?" असं झालं, मी 'तू'ची 'तुम्ही' झाले, की मी दोन्ही हात त्याला दिसतील असे टेबलावर ठेवायची. डिसेंबरात एकदा ते जमलं नाही, कारण मी बटाटे सोलत होते. त्याने पिस्तूल माझ्यावर रोखलं. सुरी खाली ठेवावी की तशीच धरावी हे मला ठरवता येईना, म्हणून मी सोलत राहिले. चौथा बटाटा झाला तेव्हा तो म्हणाला, "व्हर्डेल, फार जाड सोलतेस तू."

मी त्या बटाट्यांचं सूप केलं आणि ठरवलं, हे पिस्तूल जायला हवं.

गोळ्या काढून टाका, असं सगळेच सांगतात. काढल्या. सहा होत्या. दुसऱ्या दिवशी पाहते तर पुन्हा सहा. त्याने त्या मोज्यात, साखरेच्या डब्यात, टोपीच्या अस्तरात, कुठे कुठे ठेवल्या होत्या ते देव जाणे. मुलीचं नाव आठवत नव्हतं, पण गोळ्या कुठे आहेत ते आठवत होतं. मुलगी डेट्रॉइटला असते. ती फोनवर म्हणाली, "मम्मा, फेकून दे ना!" कुठे फेकू? जानेवारी होता. नदीवर हातभर जाड बर्फ, त्यावर पोरं घसरगुंडी खेळत होती. जमीन इतकी गोठलेली की कबर खणायलाही लोक मार्चपर्यंत थांबतात. कचऱ्यात टाकावं तर उकिरड्यावर कोण उचलेल सांगता येत नाही. मग ते कुणाच्या छातीवर रोखलं जाईल याचा हिशोब माझ्या नावावर.

म्हणून मी पोलीस ठाण्यात गेले. काउंटरवर सार्जंट प्रुइट होता. चांगला माणूस, गालांवर अजून लाली.

"कार्ड आहे का तुमच्याकडे, टीगबाई?"

"कसलं कार्ड?"

"शस्त्र बाळगायचं."

"मला बाळगायचंच नाहीये बाबा, म्हणून तर आले."

"हो, पण ते इथवर आणणार कशा? कार्डाशिवाय पिस्तूल घेऊन रस्त्यानं चाललात तर तो गुन्हा होतो."

"मग तू ये न्यायला."

"येईन ना. आम्ही दोघं येऊ, गणवेशात. मालकाची सही लागेल."

मी म्हटलं, "माझ्या ओट्यावर दोन गोरे गणवेशवाले उभे राहिले ना, तर मालक सही नाही करणार. गोळी घालेल."

प्रुइटने पेन खाली ठेवलं. मग त्याचा चेहरा उजळला. "मंगळवारपर्यंत थांबा की! मंगळवारी सभेत पिस्तूल-बंदीवर मतदान आहे. बंदी झाली की जमा करायची पद्धत ठरेल. फॉर्म छापून येतील."

"आणि नाही झाली तर?"

"मग ठेवायला काही हरकतच नाही."

मी घरी आले. आमच्या समोरच ड्वाइट केसलर राहतो. नेमबाजांच्या क्लबचा तो अध्यक्ष. अंगणात ही मोठी पाटी: 'माझा हक्क माझ्या घरात'. पाटी कसलीही असो, अकरा वर्षं आमच्या दारातला बर्फ तो न सांगता काढतो. त्याच्याकडे कार्ड होतं, तिजोरी होती, आणि आणखी एक पिस्तूल त्यात सहज मावलं असतं.

"मिस व्हर्डेल," तो म्हणाला, "तुम्ही माझ्याकडे काहीही मागा. पण एका माणसाचं हत्यार माझ्या हातांनी काढून घ्यायचं, हे माझ्याकडून होणार नाही."

"ड्वाइट, तो माणूस मला ओळखत नाही."

"तरी हक्क तो हक्क. आज ल्युशसचं काढून घेतलं, उद्या माझं घेतील."

"तुझं कोण मागतंय? तू काय बटाटे सोलणाऱ्या बाईवर रोखतोस का?"

त्याचे कान लाल झाले. "तुम्हाला माहीतच आहे ते पिस्तूल काय आहे. तुम्ही तिथे होतात."

होते. शेहेचाळीस साली मिसिसिपीत ल्युशस लढाईवरून परत आला आणि मतदार म्हणून नाव नोंदवायला कचेरीत गेला; काळ्या माणसाने मत मागणं तिथल्या गोऱ्यांना खपत नव्हतं. त्याच संध्याकाळी आमच्या अंगणात चार गाड्या येऊन थांबल्या. ल्युशस ओट्यावर खुर्ची टाकून बसला, पिस्तूल मांडीवर. मी तान्ह्या मुलीला घेऊन दाराआड. गाड्यांतून कुणी खाली उतरलं नाही. दिवे लागायच्या सुमारास त्या निघून गेल्या आणि तिसऱ्या दिवशी आम्ही उत्तरेची गाडी पकडली. ड्वाइटला ही गोष्ट ल्युशसने पन्नासदा सांगितली असेल. ती खरी आहे. बटाट्यांचीही खरी आहे. ड्वाइटला पहिली हवी होती, दुसरी नको होती.

त्या दिवशी त्याने आमच्या मागच्या दारापर्यंतचा बर्फ काढून दिला. पिस्तूल सोडून तो काय हवं ते काढून देईल.

उरल्या ब्रँटबाई. त्या वाचनालयात असतात, आणि पिस्तूल-बंदीच्या अर्जावर सह्या गोळा करत त्याच फिरत होत्या. त्यांनी मला लिहायला-वाचायला शिकवलं. तेव्हा मी बासष्ट वर्षांची होते. त्याआधी मी कागदावर फुली मारायची, आणि आलेलं पत्र ल्युशस वाचून दाखवायचा. ब्रँटबाईंनी पहिल्यांदा शिकवलं ते माझं नाव. 'व्हर्डेल टीग' लिहिता आलं त्या दिवशी मी घरी येऊन काय केलं, तर सगळ्या भांड्यांच्या बुडाला चिकटपट्टी लावून त्यावर नाव लिहिलं. चर्चच्या जेवणाला आमच्याकडे प्रत्येक जण आपलं भांडं भरून नेतो. मागे राहिलेलं भांडं नाव बघून घरपोच येतं, आणि ते रिकामं येत नाही. ज्याच्याकडे राहिलं तो त्यात काहीतरी घालून देतो. नाव लिहिता येत नव्हतं तोवर मी नखांच्या लाल रंगाचा ठिपका लावायची. लाल ठिपका लावणाऱ्या आणखी दोघी निघाल्या. माझी चांगली दोन भांडी त्यात गेली ती गेलीच.

ब्रँटबाईंनी बटाट्यांची गोष्ट ऐकली आणि डोळ्यांना रुमाल लावला. मग माझा हात धरला. "व्हर्डेल, मंगळवारी तुम्ही बोलायलाच हवं. असं उदाहरण आमच्याकडे दुसरं नाही."

"बोलेन. पण तोवर ते पिस्तूल तुमच्याकडे ठेवा."

त्यांनी हात सोडला. "माझ्याकडे? अहो, मी बंदी मागतेय. माझ्या घरात पिस्तूल सापडलं तर केसलर मला सोडेल का?"

"मग इथे ठेवा, वाचनालयात. कुणी न वाचणारं एखादं जाड पुस्तक असेल ना, त्याच्यामागे."

"तुम्ही थट्टा करताय," त्या म्हणाल्या.

मी करत नव्हते.

मंगळवारी ड्वाइटची बायको ल्युशसजवळ येऊन बसली. त्याला न्हाणीघरात धाडलं तेव्हा मी उशाखालून पिस्तूल काढलं, गोळ्या काढल्या, आणि ते मॅकरोनीच्या काचेच्या भांड्यात ठेवलं. वर झाकण, त्यावर टॉवेलची गाठ. ते घरात ठेवून सभेला जायची माझी छाती नव्हती. कार्ड नव्हतं, पण मॅकरोनीला कार्ड लागत नाही.

सभागृह खचाखच भरलेलं. एका बाजूला ड्वाइटचे लोक, दुसऱ्या बाजूला ब्रँटबाईंचे. मी मध्ये बसले, भांडं मांडीवर घेऊन. शेजारच्या बाईने नाक पुढे केलं. "काय आणलंय, मिस व्हर्डेल? तुमची ती चीजवाली?"

"आज नाही," मी म्हटलं. "आज थंड आहे."

दोन तास लोक बोलले. घटनेत काय लिहिलंय ते सात जणांनी वाचून दाखवलं. वाक्य तेच, पण सात वेळा वेगळं ऐकू आलं. कुणी म्हणालं बंदी केली तर चोर बंदुका घेऊन येतील आणि आपण झाडू घेऊन उभे राहू. कुणी म्हणालं घरात पिस्तूल असतं म्हणून तर घरातलीच माणसं मरतात. ड्वाइट उठला आणि त्याने मिसिसिपीच्या चार गाड्यांची गोष्ट सांगितली, चांगली सांगितली, आणि त्याच्या बाजूने टाळ्या पडल्या. मग ब्रँटबाई उठल्या आणि त्यांनी बटाट्यांची गोष्ट सांगितली. मी बोलणार होते ते त्याच बोलल्या. त्यांच्या बाजूने टाळ्या पडल्या. ड्वाइट उभा राहून ओरडला, "त्या बाईंना विचारा ना, पिस्तूल नसतं तर आज त्या जिवंत असत्या का?" ब्रँटबाई ओरडल्या, "आणि उद्या? उद्या असतील का, ते विचारा!"

दोघांनी माझ्याबद्दल विचारलं. मला कुणीच विचारलं नाही.

शेवटी अध्यक्षांनी मला तीन मिनिटं दिली. मला अर्धं मिनिट पुरलं. भांडं दोन्ही हातांत धरून मी उभी राहिले आणि म्हटलं, "दोघांचंही खरं आहे. आता मला एवढंच सांगा, ल्युशसचं पिस्तूल आज घरी कोण नेतंय?"

ड्वाइटने टोपीकडे पाहिलं. ब्रँटबाईंनी कागद चाळले. प्रुइट दारात उभा होता, तो छताकडे बघायला लागला. अध्यक्ष घसा साफ करून म्हणाले, "टीगबाई, हा मुद्दा आजच्या विषयपत्रिकेवर नाही."

मतदान पुढच्या महिन्यावर गेलं. आणखी अभ्यास करायचा होता म्हणे.

पोलीस ठाणं त्याच इमारतीत, जिन्याखाली. सगळे कोट घालत भांडत होते. काउंटरवर कुणी नव्हतं. मी भांडं तिथे ठेवलं आणि मागे न बघता चालू पडले. घरी येऊन महिनाभरात झोपले नव्हते अशी झोपले. ल्युशसने उशाखाली दोनदा चाचपलं, पण काय शोधतोय तेच विसरला.

सकाळी तो झोपलेला बघून मी कोपऱ्यावर दूध आणायला गेले. वीस मिनिटं लागली असतील. परत आले तर अंगणात ड्वाइटचा बर्फ काढायचा ट्रक धडधडत उभा होता, आणि आत ल्युशस टेबलाशी बसला होता. पुढे माझं भांडं. बशीत बिस्किटांचा चुरा. हातात पिस्तूल. टोपी उलटी पडली होती, अस्तर उसवलेलं.

टेबलावर एक चिठ्ठी होती. दारातूनच वाचता आली, एवढं मोठं अक्षर. 'टीगबाई, हे काउंटरवर राहिलं असतं तर मला तुमच्यावर गुन्हा लिहावा लागला असता. भांड्याखाली नाव होतं म्हणून बरं. बिस्किटं बायकोने केलीत. ओट्यावर ठेवून जातोय. प्रुइट.'

नाव होतं म्हणून बरं! साठ वर्षं मला अक्षर येत नव्हतं. तसंच राहिलं असतं तर ते पिस्तूल गेलं असतं, माझ्या दोन भांड्यांसारखं.

"तिथेच थांबा, बाई," ल्युशस म्हणाला.

मी 'तुम्ही' झाले होते. दुधाची बाटली धरून मी उभी राहिले.

"हे माझ्या बायकोचं भांडं आहे." त्याने एका हाताने ते उलटं केलं आणि पट्टीवरचं वाचलं. वाचायचं तो विसरला नव्हता. "व्हर्डेल टीग. पण माझ्या व्हर्डेलला लिहिता येत नाही. ती फुली मारते. तिची पत्रं मी वाचतो. मग हे कुणी लिहिलं?"

काय सांगणार? मी लिहिलं म्हटलं तर मी व्हर्डेल नाही हे ठरलं. नाही म्हटलं तर मी चोर.

"तुम्ही लिहिलंत?"

"हो," मी म्हटलं. "तिच्यासाठी लिहून दिलं. तिला येत नाही ना."

पिस्तूल थोडं खाली आलं. "अक्षर बरं आहे," तो म्हणाला. "ती कुठे आहे?"

"चर्चमध्ये. आज जेवण आहे. भांडं हवं म्हणून तिनेच मला धाडलं."

त्याने भांड्यात डोकावून पाहिलं. "रिकामं?"

"तिला चालेल."

"तुम्ही तिला ओळखत नाही," ल्युशस म्हणाला. "रिकामं भांडं धाडलं तर आठवडाभर ऐकवेल मला."

हे खरं होतं.

त्याने टेबलावर नजर फिरवली. उठून फडताळापर्यंत जायचं तर माझ्याकडे पाठ करावी लागली असती, आणि अनोळखी माणसाकडे तो पाठ करत नाही. बशीतली बिस्किटं तर संपवलीच होती. त्याने मिठाची बाटली भांड्यात ठेवली, मग पुन्हा काढली. "मीठ देऊ नये. मिठाबरोबर घेणाऱ्याच्या घरात दुःख जातं." बाहेर ट्रकचं इंजिन धडधडत होतं. त्याने खिडकीकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा एकदम तेहतीस-चौतीस वर्षांचा झाला.

"अंगणात गाड्या आहेत," तो हळूच म्हणाला. "ती तिथे एकटी आहे?"

"हो."

त्याने पिस्तूल भांड्यात ठेवलं. दोन्ही हातांनी झाकण लावलं, टॉवेलची गाठ मारली, पक्की, दोनदा. भांडं माझ्याकडे सरकवलं. "हे तिला द्या. म्हणावं मी येईपर्यंत दाराआड थांब. बाळाला रडू देऊ नकोस. आणि बाई, मागच्या दाराने जा."

मागच्या दारापर्यंत ड्वाइटने बर्फ काढून ठेवलेलाच होता.

शेडमागे मी गोळ्या काढून खिशात घातल्या. मग भांडं पालथं करून चिकटपट्टी किल्लीने खरवडली. थंडीत ती निघेना. 'टीग' लवकर निघालं, 'व्हर्डेल'ला वेळ लागला. माझी नखं तुटली. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते वाऱ्याने असं मी स्वतःला सांगितलं.

मला भांडं घेऊन येताना पाहून प्रुइट उभाच राहिला. "टीगबाई, पुन्हा नको..."

"कोण टीगबाई? हे रस्त्यात सापडलं," मी म्हटलं आणि भांडं काउंटरवर ठेवलं. खिशातल्या गोळ्या त्याच्याशेजारी. "कुणाचं आहे बघ. मला वाचता येत नाही."

त्याने झाकण उचललं, माझ्याकडे पाहिलं, भांडं पालथं केलं. बुडाला नुसते ओरखडे. तरुण असला तरी मूर्ख नव्हता. खालच्या खणातून एक पिवळा कागद काढला. सापडलेल्या वस्तूंसाठी त्यांच्याकडे फॉर्म होता. छत्र्या, हातमोजे, कुत्री यांसाठी. कार्ड लागत नव्हतं, मालकाची सही लागत नव्हती. इतके दिवस तो तिथेच होता.

"'एक पिस्तूल, सहा गोळ्या, एक भांडं,'" तो लिहिता लिहिता म्हणत होता. "'आणून देणारी: वयस्क स्त्री, लिहिता-वाचता येत नाही.' असंच ना?"

"असंच."

"मग इथे सही. म्हणजे... जे काय करत असाल ते."

मी पेन घेतलं आणि फुली मारली. सात वर्षांनी मारली, पण हात विसरला नव्हता. ब्रँटबाईंना हे मी आजवर सांगितलेलं नाही.

पुढच्या महिन्यात मतदान पुन्हा पुढे ढकललं. ड्वाइट आणि ब्रँटबाई दोघंही आपापल्या अर्जावर माझी सही मागायला आले, एकाच दिवशी. मी दोघांना कॉफी दिली आणि चष्मा सापडत नाही म्हणून सांगितलं.

एप्रिलमध्ये बर्फ वितळला. एक दिवस मी मॅकरोनी पत्र्याच्या थाळीत करत होते, तेव्हा ल्युशस दारात येऊन उभा राहिला.

"व्हर्डेल, तुझं ते काचेचं भांडं कुठे गेलं?"

"गेलं कुणाकडे तरी. नाव नव्हतं त्याच्यावर."

"मग गेलंच म्हण," तो म्हणाला. "नवं घे एक. आणि या वेळी कुणाकडून तरी नाव लिहून घे गं."